नंदुरबारचा ऊस आणि तो पिळणारी यंत्रे

उसातली साखर शेतातच तयार होते. यंत्र ती बाहेर काढते, एवढेच. उभ्या उसाच्या कांड्यात साधारण ७० टक्के पाणी, १२ ते १५ टक्के तंतू आणि जवळपास तेवढीच साखर असते. ही साखर गाभ्यातल्या पेशींमध्ये रसरूपाने साठलेली असते आणि पेशींच्या भिंती फुटल्याशिवाय ती हाती लागत नाही. कांडे चिरडणे, तंतू पिळणे आणि रस आटवणे या तीन कामांभोवती उसाचा सारा धंदा उभा राहिला. यांतले पहिले काम सर्वांत अवघड, कारण त्याला बळ लागते. ते बळ बैलाचे, तेलाच्या इंजिनाचे की वाफेचे, यावर गूळ कुठे शिजणार, नफा कोणाच्या घरी जाणार आणि तोडणीला कोण राबणार हे ठरत गेले. तापी आणि सातपुडा यांच्यामधल्या आजच्या नंदुरबार जिल्ह्यात हा बदल चांगला दिसतो.

सातपुड्याच्या रांगांत गोडव्यासाठी यंत्राची गरज कधी पडली नव्हती. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा भागातल्या भिल्ल व पावरा वस्त्यांत गोड वस्तू म्हणजे मोहाची फुले. उन्हाळ्याच्या तोंडाशी पहाटे झाडाखाली पडलेली रसाळ फुले वेचायची आणि उन्हात वाळवायची, की काम झाले. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखरच असते. ती भाकरीत मिसळून खाल्ली जाते, टंचाईत पोटाला आधार देते आणि आंबवली तर तिची दारू होते. या दारूमुळेच हे झाड सरकारच्या नजरेत आले. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर घरगुती गाळपावर बंधने आली आणि आदिवासी कुटुंबे ठेकेदाराच्या दुकानावर अवलंबून राहू लागली. १९२२ च्या सुमारास दक्षिण गुजरात आणि त्याला लागून असलेल्या खानदेशाच्या पश्चिम भागात देवीची चळवळ पसरली आणि हजारो आदिवासींनी दारू सोडण्याची शपथ घेतली. त्या शपथेमागे ठेकेदाराच्या कर्जातून सुटण्याची इच्छाही होती. सातपुड्यातली साखर अशी फुलांतून, विनायास मिळणारी होती. ऊस मात्र सपाटीवरच्या बारमाही पाण्याचे पीक आणि त्याला पिळणारे यंत्र लागते.

खानदेश १८१८ मध्ये इंग्रजी अमलात आला, तेव्हाही तापीच्या काठी कापूस आणि ज्वारी हीच मुख्य पिके होती. तापी खोल पात्रातून वाहते. तिचे काठ उंच असल्याने जुन्या पद्धतीचा बंधारा घालून तिचे पाणी शेतात नेणे शक्य नव्हते. शेजारच्या धुळे भागात पांझरेवर फड पद्धत होती. बंधाऱ्याच्या पाण्यावर गावची जमीन फडांत वाटायची आणि एका फडात ऊस, दुसऱ्यात भात किंवा हंगामी पीक अशी फेरपालट करायची. आजच्या नंदुरबार जिल्ह्यात उसाला आधार होता तो विहिरीवरच्या मोटेचा, आणि गोमाईसारख्या सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्यांच्या काठांचा. नवापूरकडे पाऊस अधिक, म्हणून तिथे भाताचे राज्य. सतराव्या शतकात या वाटेने गेलेल्या ताव्हर्निए या फ्रेंच प्रवाशाने नवापूरच्या सुवासिक तांदळाचे कौतुक लिहून ठेवले आहे. मोटेने भिजणारा ऊस फार तर बिघ्या-दोन बिघ्यांचा असे. तेवढा पिळायला गावच्या सुताराने केलेला लाकडी चरक पुरेसा होता.

दख्खनभर वापरात असलेल्या या चरकाची रचना जवळपास एकसारखी होती. बाभळीच्या भरीव ओंडक्यांचे दोन उभे लाट, प्रत्येक सुमारे दीड ते दोन फूट जाडीचा, जमिनीत पक्क्या बसवलेल्या चौकटीत शेजारी शेजारी उभे केलेले. वरच्या टोकांना तिरपे लाकडी दाते कोरलेले असत, त्यामुळे एक लाट फिरला की दुसरा उलट्या दिशेने फिरे. या जोडीला नवरा-नवरी म्हणत. नवऱ्याच्या डोक्यावर लांब आडवा दांडा बसवून त्याला बैल जुंपत. मोठ्या चरकाला चार-चार जोड्या लागत. एक माणूस लाटांसमोर बसून उसाची कांडी आत सारी, पलीकडचा पिळलेली चोयटी परत देई आणि तीच कांडी पुन्हा पुन्हा लाटांमधून जाई. रस खाली पुरलेल्या मडक्यात किंवा कढईत उतरे. कांडी सारणाऱ्याचा हात लाटांत सापडण्याचा धोका कायमचा होता. झोपेला आलेल्या माणसाला त्या जागी बसू न देणे हा गुऱ्हाळाचा पहिला नियम असायला हवा होता. पण ऊस तोडला की थांबता येत नाही, म्हणून चरक रात्रीही चालत.

न थांबण्याचे कारण उसातच आहे. तोडलेल्या कांड्यातली साखर तासागणिक मोडते. तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होत जाते आणि असा रस कितीही आटवला तरी त्याचा चांगला रवाळ गूळ बसत नाही. काढलेला रस तर काही तासांतच आंबू लागतो. त्यामुळे तोडणी, गाळप आणि आटवणी एकाच जागी, एकाच दिवसात व्हावी लागते. साखरधंद्याची ही सक्ती लाकडी चरकालाही होती आणि आजच्या कारखान्यालाही आहे. वाहतूक, तोडणीच्या टोळ्या, काट्यावरची गर्दी हे सगळे तिच्यातूनच येते.

दोन लाटांच्या या यंत्राचा उगम कुठला, यावर तंत्रज्ञानाच्या इतिहासकारांत बराच वाद झाला आहे. प्राचीन भारतात ऊस उखळ-मुसळाच्या पद्धतीच्या घाण्यात गाळला जाई. कांड्यांचे लहान तुकडे करून ते दगडी किंवा लाकडी उखळात चिरडावे लागत. लाटांचा चरक त्यामानाने नवा. कापसातून सरकी वेगळी करण्याची दोन दांड्यांची हातचरकी भारतात फार जुनी आहे आणि तिच्यातही दोन गोल दांडे एकमेकांच्या उलट दिशेने फिरवणारे तिरपे आटे असतात. उसाचा लाट-चरक या चरकीची वाढलेली आवृत्ती असावी, असे मत बऱ्याच अभ्यासकांनी मांडले आहे. ते पटण्यासारखे आहे. खानदेश हा मुळात कापसाचा मुलूख; इथल्या सुताराला हे दाते आणि हे आटे कोरायला वेगळे शिकावे लागले नसेल. याच तत्त्वाचे तीन उभ्या लाटांचे यंत्र सतराव्या शतकात ब्राझील आणि कॅरिबियन बेटांवर पसरले आणि तिथल्या गुलामांच्या कष्टावर युरोपची साखर पिकली.

पिळण्याइतकेच महत्त्व आटवणीला. रस कापडातून गाळून चुलाणावरच्या रुंद काहिलीत ओतत. जळणाला उसाचेच पाचट आणि वाळलेली चिपाडे. रसात थोडा चुना टाकून आंबटपणा मारायचा, भेंडीच्या झाडांचा चीक टाकून वर येणारी मळी झाऱ्याने काढायची आणि रस घट्ट होत गेला की त्याचा थेंब थंड पाण्यात टाकून बोटांनी वळून पाहायचा. हे गुळव्याचे काम. गोळी पाण्यात न विरता टणक झाली की काहील उतरवायची, पाक वाफ्यात ओतायचा, घोटायचा आणि साच्यात भरून ढेप करायची. गुळव्याची मजुरी इतरांपेक्षा जास्त असे, आणि ते रास्तच होते. चरकाने किती रस दिला हे नशीब, पण दिलेल्या रसाचा गूळ पिवळा की काळा हे त्याच्या नजरेवर ठरे.

लाकडी चरकाची मोठी खोट म्हणजे तो झिजे. लाटांमधले अंतर वाढे, दाब कमी पडे आणि बराचसा रस चिपाडातच राहून जळणात जाई. १८७० च्या दशकात बिहारमधल्या बिहिया येथे थॉमसन आणि मिल्न या जमीनदारांनी लोखंडी लाटांचा, बैलाने फिरवायचा छोटा चरक बनवला आणि तो देशभर गेला. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत मुंबई इलाख्यातही लोखंडी चरक रुळले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. तिथल्या कारखान्यात नांगरांच्या जोडीला उसाचे चरकही ओतले जाऊ लागले आणि मराठी शेतकऱ्याला सुटे भाग आपल्याच मुलुखात मिळू लागले. खानदेशाच्या पश्चिम भागाला या लोखंडाची वाट तापी व्हॅली रेल्वेने मोकळी केली. सुरतेहून नवापूर, नंदुरबार मार्गे अमळनेरकडे जाणारी ही लाइन विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाली. तीन लाटांच्या लोखंडी चरकातून १०० किलो उसामागे ६० ते ६५ किलो रस निघे, आणि कांडी एकदाच घालावी लागे. बैलांची संख्या घटली, माणसे घटली. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स स्थापन झाल्यावर हळूहळू बैलांची जागा डिझेल इंजिनांनी आणि नंतर विजेच्या मोटारींनी घेतली.

याच काळात ऊसही बदलला, आणि ही बाब सहसा नजरेआड होते. जुना पुंड्या ऊस जाड, मऊ आणि गोड. दातांनी सोलून खाता येईल असा. बाभळीच्या लाटांना तोच झेपत असे. १९१२ मध्ये कोइमतूरला ऊस पैदास केंद्र निघाले आणि तिथे बार्बर व वेंकटरामन यांनी मळ्यातल्या उसाचा रानटी जातीशी संकर केला. त्यातून आलेल्या ‘को’ वाणांना रानटी जातीचा काटकपणा मिळाला, पण तिचे तंतूही मिळाले. १९३० नंतर महाराष्ट्रात पसरलेला को ४१९ आणि आज सर्वत्र दिसणारा को ८६०३२ हे याच घराण्यातले. एकरी टनाने भरपूर येणारा हा टणक ऊस लाकडी चरकाला पेलणारा नव्हता. नव्या वाणामुळे जुने यंत्र बाद झाले आणि शक्तिमान यंत्र आले तेव्हाच नवा वाण परवडला.

शक्तिमान यंत्र म्हणजे कारखाना. १९३२ च्या संरक्षक कायद्याने परदेशी साखरेवर जकात बसली आणि देशात साखर कारखान्यांची लाट आली. महाराष्ट्रात त्याच वर्षी सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी माळीनगर उभे केले, आणि १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ व वैकुंठभाई मेहता यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरचा सहकारी कारखाना गाळपाला लागला. खानदेशाच्या वाट्याला ही चळवळ उशिरा आली. शहादा तालुक्यात पी. के. अण्णा पाटील यांच्या पुढाकाराने सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना पुरुषोत्तमनगरला उभा राहिला. गोमाई-तापीकाठच्या गुजर शेतकऱ्यांनी कापसाच्या जोडीला ऊस आणि केळी धरली. नवापूर तालुक्यात डोकारे येथे आदिवासी सहकारी साखर कारखाना निघाला. नंदुरबारजवळ समशेरपूरला पुष्पदंतेश्वर सहकारी कारखाना उभा राहिला, पण तो कर्जात बुडून पुढे खासगी हातात गेला. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याच्या वाट्याला असे तीन कारखाने आले. तापीवर सारंगखेडा आणि प्रकाशा येथे बॅरेज झाल्यावर, ज्या नदीचे पाणी पिढ्यान्‌पिढ्या खोल पात्रात वाहून जात होते तिच्या काठीही ऊस वाढला.

कारखान्यातले गाळप हे चरकाचेच तत्त्व, पण त्याची ताकद आणि शिस्त वेगळी. काट्यावर वजन झालेला ऊस गव्हाणीत पडतो. हंगामाच्या पहिल्या दिवशी गव्हाणीत मोळी टाकण्याचा मान मोठा मानला जातो. तिथून फिरत्या सुऱ्या कांड्यांचे तुकडे करतात आणि फायब्रायझरचे हातोडे त्यांचा अक्षरशः भुसा करतात. पेशी फोडण्याचे बहुतेक काम इथेच होते. मग हा भुसा एकामागोमाग एक अशा चार किंवा पाच मिलमधून जातो. प्रत्येक मिलमध्ये खाचा पाडलेले तीन आडवे रोलर असतात आणि वरच्या रोलरवर तेलाच्या दाबाने शेकडो टनांचा भार टाकलेला असतो. शेवटच्या मिलआधी भुशावर गरम पाणी शिंपडतात आणि तिथून निघालेला पातळ रस मागच्या मिलच्या भुशावर सोडतात. नुसत्या दाबाने जो रस तंतूंना चिकटून राहतो, तो या धुण्याने निघतो. चांगल्या कारखान्यात उसातली ९५ टक्क्यांहून अधिक साखर रसात उतरते. लाकडी चरकाने चिपाडात सोडलेली साखर अशी परत मिळाली.

पण हे यंत्र गावात बसू शकत नाही. रोज १,२५० टन ऊस लागणारा कारखाना हा पुढे सहकारी क्षेत्राचा नेहमीचा मापदंड झाला, आणि एवढा ऊस शंभर-सव्वाशे दिवस अखंड पुरवायचा तर पन्नास गावांचे शेत एका भोंग्यावर चालावे लागते. गूळ शिजवणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती तयार माल असे; ऊस घालणाऱ्याच्या हाती असते ती काट्याची पावती. भाव ठरतो तो उताऱ्यावर, म्हणजे उसाच्या वजनामागे किती साखर निघते त्यावर. उष्ण आणि कोरड्या खानदेशात उसाची पक्वता कोल्हापूरसारखी होत नाही, म्हणून इथला उतारा दक्षिण महाराष्ट्राच्या मागेच राहिला. सीमेपलीकडे मध्य प्रदेशात आणि गुजरातेत ऊस नेणाऱ्यांची गाडी शेताच्या बांधावर उभी राहते ती याच कारणाने. भाव रुपया-दोन रुपयांनी बरा आणि पैसे लवकर मिळाले, तर शेतकरी सभासदत्व बाजूला ठेवतो. त्याला दोष देता येत नाही.

गाळपात यंत्राने एवढी मजल मारली, तरी तोडणी मात्र माणसाच्या हातातच राहिली. इथे नंदुरबारचा इतिहास दक्षिण गुजरातच्या इतिहासाला जोडला जातो. १९५० च्या दशकात बारडोलीला सहकारी साखर कारखाना निघाला, आणि त्यामागोमाग सुरत-वलसाडच्या पट्ट्यात अनेक कारखाने उभे राहिले. त्यांना तोडणीसाठी मजूर गेले ते खानदेशातून. धडगाव, अक्कलकुवा, नवापूरच्या डोंगरांतून. दिवाळीनंतर मुकादम उचल वाटतो, नवरा-बायकोच्या जोडीचा एक कोयता धरला जातो आणि टोळी मुलाबाळांसह, शेळ्या-कोंबड्यांसह ट्रकने निघते. जान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकापासून बारडोलीतल्या या खानदेशी तोडणीवाल्यांवर लिहिले आणि स्थानिक हळपती मजूर रिकामे असताना शेकडो किलोमीटरवरून माणसे का आणली जातात, हा प्रश्न जगासमोर ठेवला. उत्तर सोपे होते: परका मजूर रात्रीअपरात्री हाकेला येतो, पालात राहतो आणि घरी निघून जात नाही. गिरणीला अखंड ऊस हवा, आणि त्या अखंडपणाची किंमत पालातल्या बाईने पहाटे तीनला उठून भरली. शहाद्यात याच काळात जमीन आणि मजुरीच्या प्रश्नावर अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारखे कार्यकर्ते पुढे आले आणि १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. सहकाराचा इतिहास लिहिताना ही बाजू वगळली जाते. ती वगळू नये. तोडणीयंत्रे आता महाराष्ट्रात आली आहेत, पण त्यांना रुंद सरी, मोठे सलग शेत आणि भांडवल लागते. लहान तुकड्यांच्या शेतांवर कोयताच चालतो.

पिळून झाल्यावर उरते ते चिपाड, कारखान्याच्या भाषेत बगॅस. उसाच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के, आणि त्यात निम्मे पाणी. ते बॉयलरमध्ये जाळून वाफ आणि वीज होते. म्हणून साखर कारखान्याला कोळसा विकत घ्यावा लागत नाही. परंतु या तंतूंमध्येही साखरच आहे, वेगळ्या रूपात. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या हजारो कणांची एकमेकांना घट्ट चिकटलेली साखळी. तिच्याभोवती हेमिसेल्युलोज, आणि सगळ्याला बांधून ठेवणारे लिग्निन. १०० किलो उसातल्या १३ किलो तंतूंचा ठोकळ हिशेब केला, तर सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज पूर्ण मोडल्यास नऊ-दहा किलो साधी साखर मिळावी. म्हणजे गिरणी जेवढी साखर पोत्यात भरते, जवळपास तेवढीच ती बॉयलरला घालते.

ही साखर मोकळी करता येते हे १८१९ मध्ये हेन्री ब्राकोनो या फ्रेंच रसायनज्ञाने दाखवले. त्याने कापडाच्या चिंध्या सल्फ्युरिक आम्लात विरघळवून त्यांचे ग्लुकोज केले. दोन महायुद्धांच्या काळात जर्मनीत लाकडापासून साखर करणारे कारखाने आम्लावर चालले; पण आम्ल यंत्रे खाते आणि साखरही जाळते. दुसरी वाट बुरशीच्या विकरांची. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे तंबू आणि कपडे कुजवणारी ट्रायकोडर्मा बुरशी सापडली, आणि तिच्या विकरांवर आज जगभर काम चालते. हरयाणात पानिपतला ऑगस्ट २०२२ मध्ये इंडियन ऑइलचा भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा प्रकल्प सुरू झाला. त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज कंपनीचे आहे.

तिसरी वाट पुन्हा यंत्राची, आणि ती चरकाच्या परंपरेला जवळची. फिरत्या पिंपात पोलादी गोळ्यांबरोबर कोरडा भुसा कुटला, तर सेल्युलोजची स्फटिकासारखी घट्ट रचना मोडते आणि विकर त्यात सहज शिरतात. नुसते कुटून मात्र साखळी ग्लुकोजपर्यंत तुटत नाही. २०१० च्या सुमारास अमेरिकेत सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठात रिचर्ड ब्लेअर आणि सहकाऱ्यांनी भुशाबरोबर आम्लधर्मी केओलिन माती कुटली. जर्मनीत मुल्हाइमच्या माक्स प्लांक संस्थेत भुशाला आधी थोडे आम्ल लावून मग तो कुटण्यात आला. दोन्हीकडे गोळ्यांच्या आघाताने साखळीचे दुवे तुटले आणि पाण्यात विरघळणारी साखर मिळाली. पाणी कमी लागते आणि आम्ल नाममात्र पुरते, ही या रीतीची जमेची बाजू. पण गोळ्या फिरवायला लागणारी वीज तिचा सगळा हिशेब बिघडवते, आणि प्रयोगशाळेबाहेर ती अजून मोठ्या प्रमाणावर रुजलेली नाही.

नंदुरबारसारख्या जिल्ह्यात कापसाच्या पराट्या, केळीचे खांब, ज्वारीचे धसकट आणि उसाचे पाचट यांना तोटा नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गोड ज्वारीच्या ताटातून काकवी आणि अल्कोहोल काढून दाखवले आहे, आणि ते ताट पिळायला साधा तीन लाटांचा चरक चालतो. तंतूंमधल्या साखरेसाठी मात्र भुसा बारीक करण्याची वीज, ती साखर आंबवण्याची सोय आणि वर्षभर पुरेल एवढा कोरडा माल एकाच ठिकाणी लागतो. पाचट आणि पराट्या हलक्या आणि पसरट. त्या गोळा करून वीस-तीस किलोमीटर नेण्याचा खर्च मालाच्या किमतीच्या पुढे जातो. बगॅस मात्र गिरणीच्या दारातच पडते. म्हणून या रीतीला महाराष्ट्रात पहिली जागा मिळालीच, तर ती साखर कारखान्याच्या आवारात मिळेल, आणि तीही बॉयलरला दुसरे जळण सापडल्यावर.